मन घट्ट केलं की झालं?

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं, त्यानंतर कर्नाटकातल्या चिकोडी भागात कुणी रात्री दचकून उठला की एकच सल्ला: "मन घट्ट कर." या सल्ल्याचं शेपूट जास्त वाईट: उपचारानं फरक पडला नाही, तर म्हणायचं, त्यालाच बरं व्हायची इच्छा नाही.

मनाच्या धारणेचा उपचारावर परिणाम होतो, हे खरं. पण धारणा म्हणजे मनाचा घट्टपणा नव्हे. एलर्स आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलं, की आघाताचा त्रास टिकतो त्यामागे "चूक माझीच", "आता कुठंच धोका टळत नाही" असे समज असतात आणि टाळाटाळही असते. नदीवरचा पूल नको म्हणून लांबचा वळसा घालणारा माणूस घ्या. तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, पण पूल धोक्याचाच हा समज आणखी पक्का होतो. आणि मन घट्ट करणं म्हणजे बहुतेकदा आठवण दाबणं. तीही टाळाटाळच की!

थेरपीत तोच प्रसंग सावकाश उलगडतात, समज तपासून बघतात. शंका घेऊन आलेलाही बरा होऊ शकतो. भरवसा पुढच्या बैठकांत तयार होतो. मध्येच सोडलं तर मात्र काम अडतं. त्यातही इच्छेपेक्षा बसभाडं, बुडालेला रोज आणि भाषा आडवी येते. रडू मराठीत येतं, सांगायचं मोडक्या कन्नडमध्ये. १४४१६ या 'टेली-मानस'च्या (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.