घसरण टायरमधून क्लचमध्ये कशी आली: ड्रॅग रेसिंगच्या मल्टी-डिस्क क्लचची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडला गायमुखचा चढ लागला की भरलेल्या ट्रकमागे एक जळका वास नाकात शिरतो. तो क्लच प्लेटचा वास. ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर गाडी ओढत असतो आणि फेसिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, भाजत असतं. गाडी शिकवणारा म्हणूनच पहिल्या दिवसापासून बजावतो, अर्ध्या क्लचवर गाडी धरायची नाही. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात मी क्लचची डिस्क दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटा आणि ती ज्यावर दाबली जाते ते इंजिनचं फ्लायव्हील ग्राइंड करून देतो, आणि इतकी वर्षं गिऱ्हाइकाला मीही हेच सांगत आलो.

मागे घणसोलीचा एक मुलगा दोन डिस्कचा क्लच पोत्यात बांधून घेऊन आला. म्हणाला, "काका, एकदम पकडतोय. सुटताना थोडा घसरायला हवा, मग पकडायला हवा." क्लच घसरवून द्या म्हणणारं हे माझं पहिलंच गिऱ्हाईक. त्याला तसं का हवं होतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

एकापेक्षा जास्त प्लेटांचा क्लच जुनाच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींना बहुधा चामडं लावलेला शंकूच्या आकाराचा क्लच असे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये प्राध्यापक हेली-शॉ यांनी तेलात बुडालेल्या अनेक पातळ प्लेटांचा क्लच पुढे आणला. हिशेब सोपा आहे. क्लच किती जोर पेलेल हे घर्षण, दाब, प्लेटची त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या यांच्या गुणाकारावर ठरतं. एका डिस्कला दोन बाजू, तीन डिस्कना सहा. व्यास न वाढवता जोर तिप्पट होतो. आपल्याकडे ज्यांनी बजाज चेतकचा क्लच उघडलाय त्यांनी कॉर्क लावलेल्या, तेलानं माखलेल्या त्या प्लेटा हातात घेतल्या आहेत. रस्त्यावरच्या गिअरच्या मोटारसायकलींतही तीच जात.

ड्रॅग रेसिंगची, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ पट्ट्यावर पळायच्या शर्यतीची, गोष्ट मात्र वेगळ्या टोकाकडून सुरू होते. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही संघटना स्थापन केली आणि रस्त्यावरच्या शर्यती आखलेल्या पट्ट्यावर आल्या. अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. सुरुवातीच्या काळात टायर अरुंद आणि कडक, इंजिनचा जोर भलता. क्लच सोडला की मागची चाकं जागेवर गरगरायची आणि गाडी शेवटपर्यंत धुराचा लोट सोडत जायची. घसरायचं काम टायर करत होते. क्लचला नुसतं घट्ट पकडून बसायचं होतं.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुंद, मऊ, कमी हवेवर चालणारे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले, टायर आले. सुटताना त्यांच्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि रबर जमिनीला चिकटतं. आता टायर घसरेना. मग इंजिनचा जोर जाणार कुठे? एक तर इंजिन गुदमरायचं, नाही तर अ‍ॅक्सल, गिअर, क्लच यांतलं काहीतरी तुटायचं. म्हणून घसरण टायरमधून काढून क्लचमध्ये आणावी लागली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची जागा हीच आहे. पुढचं सगळं, जादा डिस्क, वजनं, शिम (फट भरायच्या पातळ चकत्या), ही घसरण मोजूनमापून कशी होऊ द्यायची याच्याच मागे लागलेलं आहे.

त्यासाठी सोय हाताशी होती. अमेरिकन गाड्यांत 'लाँग' पद्धतीची तीन लिव्हरांची प्रेशर प्लेट वापरात होती. स्प्रिंगचा दाब कायमचा असतो, पण लिव्हरच्या टोकाला वजन असेल तर इंजिन फिरू लागल्यावर ते बाहेर फेकलं जातं आणि दाबात भर घालतं. ही भर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 4000 फेऱ्यांवर जेवढी, त्याच्या चौपट 8000 वर. म्हणून स्प्रिंग सैल ठेवायच्या, म्हणजे सुटताना क्लच घसरेल. वजन बेताचं लावायचं, म्हणजे फेरे चढत जातील तसा तो आवळत जाईल. ब्रूस क्रोवर यांचा 'क्रोवरग्लाइड' याच वाटेवर आणखी पुढे गेला. त्यात इंजिन मंद असताना क्लच आपोआप सुटलेला राहायचा.

घसरलेली ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्येच उतरते. ती एका डिस्कला झेपत नाही, म्हणून डिस्क वाढल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी फ्लोटर प्लेटा आल्या. जुन्या फेसिंगच्या जागी भट्टीत भाजलेल्या धातूच्या भुकटीचं सिंटर्ड फेसिंग आलं.

या प्रयोगांची किंमत माणसांनी मोजली आहे. तेव्हा ड्रॅगस्टरमध्ये, म्हणजे या शर्यतीसाठीच बांधलेल्या लांबट गाडीत, इंजिन पुढे आणि चालक मागे, म्हणजे क्लच आणि गिअरबॉक्स अक्षरशः त्याच्या पायांमध्ये. 8 मार्च 1970 ला कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची दोन गिअरांची गिअरबॉक्स फुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा भाग गेला. इस्पितळातून त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा ध्यास घेतला आणि 1971 मध्ये तशाच गाडीनं पोमोनाची विंटरनॅशनल्स ही शर्यत जिंकली. इंजिन पुढे असलेले ड्रॅगस्टर त्यानंतर थोड्याच वर्षांत मागे पडले.

आजच्या टॉप फ्युएल, म्हणजे ड्रॅगस्टरच्या सर्वात वेगवान वर्गातल्या, गाडीला गिअर बदलणं नाहीच. गिअरांचं काम पाच-सहा डिस्कचा क्लच घसरूनच करतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला मनाई असल्यामुळे क्लच सोडवून धरणारं रिलीज बेअरिंग किती वेगानं मागे सरकेल हे हवेच्या दाबावर चालणारे टायमर ठरवतात. 2008 पासून या गाड्यांचं अंतर 1000 फूट आहे आणि ते चार सेकंदांच्या आत संपतं. तेवढ्यात डिस्क इतक्या भाजतात की पुढच्या फेरीला नवीन घालाव्या लागतात.

घणसोलीच्या मुलाची गाडी त्यापुढे लहानशी, पण उघडल्यावर आत तेच दिसलं. फ्लोटरवर तीन ठिकाणी मोरपंखी निळे डाग, मधला भाग स्वच्छ. म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडत नव्हता. तिन्ही लिव्हरची वजनं सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर ठेवली, तर एका लिव्हरवर एक वॉशर जास्त होता. तिन्ही सारखी केली. फ्लोटर पृष्ठभागी ग्राइंड केला. प्रत्येक डिस्क मायक्रोमीटरनं चार जागी मोजून आकडे पुठ्ठ्यावर लिहिले. डिस्क झिजली की स्प्रिंग मोकळ्या होतात, दाब उतरतो आणि लिव्हरचा कोन बदलतो. झीज जेवढी, तेवढे कव्हरच्या स्टँडखालचे शिम काढले तरच मागच्या धावेचं सेटिंग पुन्हा मिळतं. आकडे लिहिले नसतील तर प्रत्येक वेळी नवाच क्लच हातात येतो. शेवटी स्प्रिंगचे बोल्ट एकेक फेरा सैल केले, फिलर गेजनं फट तपासली.

जोडायच्या आधी मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, गाडी पळवणार कुठे? पाम बीच रोडवर म्हणाला असता तर पोतं तसंच परत दिलं असतं. तिथे सकाळी माणसं चालायला येतात, आणि सरकारच्या परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. तो लोणावळ्याकडे धावपट्टीवर होणाऱ्या स्पर्धेला जाणार होता. दुसरी, बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं आवरण, कोणतं? क्लच फुटला तर तुकडे त्यालाच अडवायचे असतात. त्याच्याकडे कंपनीतून आलेलं अ‍ॅल्युमिनियमचंच होतं. मी क्लच कपाटात ठेवला. जाड पोलादाचं हाउसिंग मिळवायला त्याला दीड महिना लागला. ते घेऊन आला त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून क्लच चढवला.