एकाच रुळावर दोन गाड्या : ऑटो-ब्लॉक पेटी बसवण्याआधी वाचा

ही पेटी मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी (रुळांच्या मांडणीसाठी) आहे, ती गाडी चालवत नाही. पुढची गाडी पुढे सरकल्याशिवाय मागचीला सोडायचं नाही, एवढंच तिचं काम. वेग तुमच्या कंट्रोलरच्या नॉबवर. पुष्कळ ग्राहक आधी पेटी घेऊन जातात आणि रूळ कुठे कापायचा ते नंतर बघू म्हणतात. पण अंतर नीट राखलं जातं की नाही, ते त्या कापण्यावरच ठरतं.

तत्त्व खऱ्या रेल्वेचंच आहे. कोल्हापूर–मिरज मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळाच्या ठरवलेल्या भागात, एका वेळी एकच गाडी सोडतात. मुंबईच्या लोकलला तेवढा मोकळा रूळ ठेवणं परवडणार नाही, म्हणून तिथे स्टेशनांमधल्या रुळाचेही तुकडे पाडून प्रत्येकाला आपोआप बदलणारा सिग्नल देतात. तुमच्या प्लायवूडवर आपण मुंबईची पद्धत आणतो.

ब्लॉक किती आणि केवढे

गाड्यांपेक्षा किमान एक ब्लॉक जास्त हवा. दोन गाड्या आणि दोनच ब्लॉक असले, तर दोघी एकमेकींची वाट बघत उभ्या राहतील. तीन ब्लॉकमध्ये चालतील, पण एक धावताना दुसरी बहुतेक वेळ थांबलेली दिसेल. दोन गाड्यांना चार ब्लॉक घ्या, असं आम्ही सांगतो.

प्रत्येक ब्लॉक तुमच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा हवा. एचओ मापात (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये) आयसीएफ प्रवासी डबा साधारण २५.५ सेंमी भरतो, डब्ल्यूएपी-७ हे विजेचं इंजिन २३.५ सेंमी. म्हणजे इंजिन आणि चार डबे मिळून सव्वा मीटर. ८ × ४ फुटी प्लायवूडवर १८ इंच त्रिज्येची वळणं घेतली, तर रुळाचा फेरा साडेपाच मीटरच्या आसपास जातो. त्याचे चार भाग केले की प्रत्येकी १.४ मीटर. चार डबे बसतात, पाचवा बसत नाही. पाचव्याचा हट्ट असेल तर प्लायवूड वाढवा. पेटी बदलून उपयोग नाही.

प्रत्येक ब्लॉकच्या शेवटचे ४५ सेंमी हा ‘थांबा तुकडा’. तिथे एका बाजूचा रूळ कापून त्याची वायर पेटीतल्या रिलेतून (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमधून) न्यायची. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी असली की तेवढ्या तुकड्याची वीज बंद होते. फ्लायव्हील (मोटरवरचं जड चाक) असलेलं इंजिन वीज गेल्यावरही थोडं घसरत पुढे जातं, त्याला तुकडा जास्त लांब ठेवा. इंजिन मागे लावून गाडी ढकलत नेत असाल तर ही पेटी कामाची नाही. इंजिन थांबा तुकड्यात पोचेपर्यंत पुढचे डबे समोरच्या गाडीवर आदळलेले असतील.

कापलेल्या फटीत प्लास्टिकचा तुकडा नक्की बसवा. एप्रिलच्या उन्हात रूळ वाढतो आणि मोकळी फट मिटते.

पेटीला गाडी कशी कळते

ब्लॉकमधून वीज ओढली जाते का, हे ती बघते. इंजिनाची मोटर वीज ओढते, डब्यांची प्लास्टिकची चाकं ओढत नाहीत. कपलिंग सुटून मागे राहिलेला डबा त्यामुळे पेटीला दिसतच नाही. उपाय स्वस्त आहे : शेवटच्या डब्याला धातूची चाकं घाला आणि एका आसावर १० किलोओहमचा रेझिस्टर (थोडीच वीज जाऊ देणारा भाग) जोडा. १२ व्होल्टला १.२ मिलिअँपियर एवढीच वीज जाते, पेटीला ती पुरते. थांबा तुकड्यात उभं असलेलं इंजिन दिसत राहावं म्हणून रिलेवर आडवा रेझिस्टर आम्हीच बसवून देतो. त्यातून मोटर फिरत नाही.

एक फरक मात्र लक्षात असू द्या. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये खऱ्या रेल्वेसाठी जे ट्रॅक सर्किट (रुळातून वीज सोडून गाडी ओळखणारी जोडणी) केलं, त्यात रूळ तुटला किंवा वायर निघाली की सिग्नल लालच होतो. आपल्या पेटीत उलट आहे. ब्लॉकची वायर सुटली तर तो ब्लॉक मोकळा समजला जातो. म्हणून गाड्या सोडण्याआधी प्रत्येक ब्लॉकमध्ये इंजिन ठेवून पेटीवरचा लाल दिवा लागतो का ते बघा. लाईट गेली तर काळजी नको. परत आल्यावर सगळे रिले ‘थांबा’वरूनच सुरू होतात.

पावसाळ्यात रुळावर काळा थर लवकर धरतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. ओरखड्यांत घाण जास्तच बसते. खडी चिकटवल्यावर फेव्हिकॉल पूर्ण वाळू द्या, ओल्या खडीतून वीज झिरपली की रिकामा ब्लॉकही भरलेला दिसतो.

गणपतीच्या देखाव्यात गाडी चालवणाऱ्या मंडळांसाठी : लाइटिंगच्या माळांच्या वायरी आणि पेटीच्या वायरी एकाच पाइपातून नेऊ नका. रिलेचा टक्-टक् आवाज हा बिघाड नाही. गर्दीत तो ऐकूही येणार नाही.

पेटी १२ व्होल्ट डीसी लेआउटसाठी आहे. डीसीसी (इंजिनांना रुळातून डिजिटल हुकूम देणारी पद्धत) वापरत असाल तर घेण्याआधी विचारा, तिथे नुसती वीज तोडली की इंजिनाचा आवाज आणि दिवेही जातात. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येताना लेआउटचा कच्चा नकाशा आणि सर्वांत लांब गाडीचं माप घेऊन या. रूळ कुठे कापायचे ते नकाशावर खुणा करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.