वाळकी बाभूळ आणि चेनसॉचा दात

मे महिन्याच्या वादळात आमच्या बांधावरची बाभूळ आडवी झाली, ती तशीच पडून वाळली, आणि दिवाळीनंतर चुलतभाऊ चेनसॉ घेऊन आला, त्यावर कोरी फुल चिझल चेन (टोकदार कोपऱ्याच्या दातांची), दुकानदार म्हणे हिच्याइतकी धार कशालाच नाही. पहिले दोन तुकडे सपासप पडले. तिसऱ्याला मशीन नुसती ओरडायला लागली, धूर निघाला, खाली ढलप्यांऐवजी पीठ पडायला लागलं. भाऊ म्हणे, "लाकूड शे का लोखंड शे रे भो?"

चेनचा दात समोरून बघा, उलट्या एलसारखा दिसतो. कोपरा आडवे तंतू तोडतो, मग वरची धार रंध्यासारखी ढलपी उचलते, म्हणजे खरं काम कोपऱ्याचं. फुल चिझलचा कोपरा काटकोनी, टोकदार, स्वच्छ मऊ लाकडात एकदम वेगात चालतो. पण बाभळीच्या भेगाळ सालीत वर्षानुवर्षांची धूळमाती बसलेली, आत लाकूड टणक, सगळा भार त्या एवढ्याशा टोकावर, मग आधी तेच जातं आणि ते गेलं की चेन कापत नाही, घासते. सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो, भार पसरतो, थोडी हळू कापते पण धार टिकते. बाभूळ, चिंच, आपल्या सातपुड्यातला अंजन (तो तर देशातल्या सगळ्यात जड लाकडांत मोडतो) यांना हीच घ्या. सागाला पण, कारण साग तेवढा टणक नसला तरी त्यात सिलिका असते, धार खाते.

हा दात सुचला कसा तेही भारी आहे. 1946 मध्ये अमेरिकेत ओरेगनला जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंग्याची अळी बघितली, ती डावीउजवीकडे आडवंतिडवं कसंही लाकूड खात होती, त्याने तिच्या जबड्यासारखे दात बनवले. म्हणून आजही चेनवर एक दात डावा, एक उजवा.

कानस मारताना दाताच्या वरच्या धारेला नेहमीच्या 30 ऐवजी 25 अंशाचा कोन ठेवला तर कडा जाड राहते, टणक लाकडात टिकते. दातापुढचा उंचवटा, रेकर, दातापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटरच खाली हवा, जास्त घासला तर दात झेपेल त्यापेक्षा मोठा घास घेतो आणि मशीन हिसके देते.

आम्ही आता आधी कुऱ्हाडीने साल सोलतो, मग सेमी चिझल लावतो, आणि टाकी भरायला थांबलो की प्रत्येक दाताला दोन-तीन हात कानस.