स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात पाहुणे: महाबळेश्वर-पाचगणीतील शेतभेटींची पार्श्वभूमी

हिवाळ्यात पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे, आणि तिथून पुढे महाबळेश्वरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीच्या शेतांचे फलक दिसू लागतात. फळ स्वतःच्या हाताने खुडून घ्यायला मिळेल, असे त्यांतल्या बऱ्याच फलकांवर लिहिलेले असते. ही रीत पर्यटन वाढल्यामुळे आली, असा सर्वसाधारण समज आहे. पिकाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास पाहता क्रम जरा निराळा दिसतो. फळाच्या नाजूकपणाने आणि बाजारातल्या दराने गिऱ्हाईक आधी वाफ्यापर्यंत आणले, त्याच्या मुक्कामाचा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, आणि आजचा वाद मुख्यतः या मुक्कामाचा, म्हणजे शेतात पाहुण्यांसाठी खोल्या बांधण्याचा आहे.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. महाबळेश्वरचे पठार १८२९ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी एका गावाच्या मोबदल्यात कंपनी सरकारकडे सोपवले आणि तिथे मुंबई इलाख्याच्या साहेबांचे थंड हवेचे ठाणे वसले. इथल्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी भाजीपाल्याचे मळे केले, आणि विलायती पिके या तांबड्या मातीत येतात हे तेव्हाच दिसून आले. स्ट्रॉबेरीही इंग्रजी अमदानीतच या डोंगरावर आली. पुढे कित्येक वर्षे मात्र तिचा व्याप बंगल्यांच्या बागा, हॉटेले आणि नंतरच्या काळात जॅम-सरबताचे कारखाने एवढ्यापुरताच राहिला.

खरा पालट १९९० च्या दशकात झाला. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा इथे तयार झालेल्या वाणांची मातृरोपे आयात होऊ लागली. चँडलर, सेल्वा, स्वीट चार्ली, कॅमारोसा आणि पुढे विंटर डॉन ही नावे इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात हे रोप तग धरू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात मातृरोपे घाटाखाली, वाईच्या बाजूच्या रोपवाटिकांत वाढवायची, त्यांना फुटलेले रनर, म्हणजे जमिनीलगत सरपटणारे फुटवे, तोडून नवी रोपे करायची आणि पाऊस ओसरला की ती वर नेऊन गादीवाफ्यांवर लावायची, असे चक्र ठरून गेले. प्लास्टिकचे आच्छादन आणि ठिबक हेही त्याच काळात रुळले. लागवड दरवर्षी नव्याने करावी लागत असल्याने रोपे, खते, आच्छादन आणि मजुरी यांचा सगळा खर्च पहिले फळ हाती येण्याआधीच होऊन बसतो. हंगामाच्या सुरुवातीला रोख पैसा देणारे गिऱ्हाईक शेतकऱ्याला का हवेसे वाटते, हे यावरून समजावे.

दुसरे कारण फळातच आहे. आंबा किंवा केळी काढल्यानंतर आढीत पिकतात, स्ट्रॉबेरी पिकत नाही. देठापासून सुटलेल्या फळाचा रंग थोडाफार गडद होतो, पण गोडी वाढत नाही. मुंबई-पुण्याच्या बाजारात जाणारे फळ वाटेत दबू नये म्हणून ते तीन-चतुर्थांश लाल झाले की पहाटे काढून पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत, भरावे लागते, तेव्हा हिरव्या टोपीखालचा पांढरा पट्टा अजून गेलेला नसतो. म्हणजे शहरात दुप्पट पैसे मोजणाराही अर्धवट गोडीचेच फळ खातो. टोपीपर्यंत लाल झालेले फळ दुपारपर्यंत मऊ पडते, त्यामुळे ते शेतावर तरी खावे लागते, नाहीतर कारखान्यात पल्पसाठी द्यावे लागते. जानेवारी-फेब्रुवारीत सगळीकडचा माल एकाच वेळी निघतो, दर उतरतात आणि प्रक्रियेला जाणाऱ्या फळाला तर त्याहूनही कमी भाव मिळतो. नेमके हेच फळ वाफ्यात उभ्या असलेल्या पाहुण्याला सर्वांत गोड लागते आणि तो त्याचा किरकोळ दर खुशीने देतो. वाहतूक नाही, दलाली नाही, पॅकिंग नाही. खुडण्याच्या या व्यवहाराचे मूळ इथे आहे. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशाचा माल म्हणून कायदेशीर ओळख, मिळाले, त्याने या व्यवहाराला प्रतिष्ठा मिळाली, पण व्यवहार त्याआधीच सुरू झालेला होता.

शेतावर जाऊन ताजे खाणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हतीच. थंडीत ज्वारीच्या हुरड्यासाठी सोयऱ्यांना शेतावर बोलावण्याची पद्धत जुनी आहे, फक्त त्याचे पैसे घेणे कमीपणाचे मानले जाई. २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातून कृषी पर्यटनाची संघटित चळवळ सुरू झाली आणि ही भीड मोडली. शेतकरी पाहुणचाराचे शुल्क घेऊ लागला, शाळांच्या सहली येऊ लागल्या आणि बैलगाडीची फेरी व चुलीवरची भाकरी यांचा ठरलेला साचाही तयार झाला. पाचगणीच्या बाजूला या साच्याची फारशी गरज पडली नाही, कारण इथे पाहुणा आधीपासूनच रस्त्यावर होता.

वादाचे मूळ १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. तिने महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. बांधकाम, वृक्षतोड, डोंगरउतार आणि जमिनीच्या वापरातील बदल यांवर निर्बंध आले. त्यामागची कारणे खरी होती. हॉटेलांची बेसुमार वाढ आणि उघडे पडणारे उतार कोणाच्याही नजरेतून सुटण्यासारखे नव्हते. पण निर्बंध आले तेव्हा मोठी हॉटेले आणि बंगले उभे राहून चुकले होते, आणि कुंपण पडले ते नंतर उभे राहू पाहणाऱ्यांभोवती. वीस-तीस गुंठ्यांत स्ट्रॉबेरी करणारा खातेदार मालासाठी छोटी शेड किंवा पाहुण्यांसाठी एक-दोन खोल्या बांधायला निघाला की त्याला ज्या परवानग्यांना तोंड द्यावे लागे, त्या पार पाडण्याइतका पैसा आणि वेळ बहुधा बाहेरून आलेल्या गुंतवणूकदाराकडेच असे. पर्यावरणाची बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणेही हलके नव्हते. सातबाऱ्यावर शेती दाखवायची, चार वाफे रस्त्याकडेला ठेवायचे आणि मागे रिसॉर्ट उभारायचे, असे प्रकार झाले, त्यांवर कारवाया झाल्या आणि काही प्रकरणे न्यायालयापर्यंत गेली.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला नोंदणी करून केंद्र चालवण्याची आणि मर्यादित खोल्या सोप्या अटींवर बांधण्याची वाट त्यात मोकळी झाल्यासारखी दिसली. पाठोपाठ डिसेंबर २०२० मध्ये जवळपास सगळ्या राज्यासाठी बांधकामाचे नियम ठरवणारी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली, आणि तिच्यातून गिरिस्थान (थंड हवेच्या ठिकाणांच्या) नगर परिषदा व केंद्राने जाहीर केलेली संवेदनशील क्षेत्रे वगळलेली होती. ज्या तालुक्यात शेतावर पाहुणे येण्याची सवय आधीपासूनच होती, तिथेच सवलतीची धार बोथट झाली. हा निर्णय चुकीचा होता असे सरसकट म्हणता येणार नाही. तरीही दिवसा येऊन फळ खुडणारा पाहुणा आणि रात्री गरम पाण्याची मागणी करणारा पाहुणा यांचा जमिनीवरचा भार एकच धरला गेला, आणि त्याचा फटका लहान शेतकऱ्याला जास्त बसला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता, पण वाफ्यांत फळ होते. घाट बंद झाले, बाजार विस्कळीत झाले आणि पाहुण्यांच्या भरवशावर ठेवलेला पिकलेला माल कुठे पल्पला गेला, कुठे शेतातच सडला. त्यानंतर मालाचा काही भाग बाजारासाठी आणि काही पाहुण्यांसाठी, अशी वाटणी बरेचजण लागवडीपासूनच करू लागले. पाहुण्यांच्या वाफ्यांत दोन ओळींमधली वाट रुंद ठेवतात, कारण आच्छादनावर पाय पडला की खालची ठिबकची नळी दबते. त्या वाफ्यांच्या फवारणीचे वेळापत्रकही वेगळे ठेवावे लागते. साल नसलेले हे फळ बहुतेक पाहुणे न धुताच तोंडात टाकतात, तेव्हा फवारणी आणि काढणी यांच्यातले अंतर पाळणे इथे बाजाराच्या मालापेक्षाही महत्त्वाचे ठरते. फळ ओढू नये, देठ नखाने मोडून टोपीसकट घ्यावे, हे प्रत्येक गटाला नव्याने सांगावे लागते. ओढले की शेजारची फुले आणि कच्ची फळेही सोबत येतात. शेतात खाल्लेले मोजायचे नाही आणि टोपलीतले तोलून घ्यायचे, ही पद्धत अनेक ठिकाणी आहे. काहीजण माणशी प्रवेशशुल्क लावतात.

मुक्कामाच्या प्रश्नाला पाचगणीजवळच्या भिलारने वेगळे वळण दिले. स्ट्रॉबेरीसाठी आधीच ओळखले जाणारे हे गाव मे २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव झाले. पुस्तके ठेवण्यासाठी नवी इमारत न बांधता गावकऱ्यांच्या घरांतल्या खोल्या, देवळे आणि शाळा वापरल्या गेल्या, आणि काही घरांत पाहुण्यांची राहण्याचीही सोय झाली. शेतात काही बांधायचे नाही, पाहुण्याने राहायचे ते गावठाणातल्या राहत्या घरात, ही मांडणी २००१ च्या निर्बंधांशी भांडत नाही. मात्र ज्यांची घरे गावठाणात आहेत त्यांनाच ती सोयीची आहे. वस्तीवर, शेतातच घर असलेल्या खातेदाराचा अर्ज आजही पूर्वीच्याच टेबलांवरून फिरतो, आणि त्याच्या वाफ्यात फळ खुडून झाले की पाहुणे मुक्कामाला हॉटेलात जातात.