बॅटरी बदलण्याआधी मिलिओहम शोधा

पावसाळ्यात सिमरोळ-चोरलच्या बाजूला मालव्याची काळी माती जीपला आसापर्यंत धरून ठेवते, तेव्हा बंपरवरच्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढून काढणाऱ्या विजेच्या यंत्रावर भिस्त असते. रोप (विंचचा दोर) ताणला जातो, मोटरचा आवाज खाली बसतो, हेडलाइट पिवळे पडतात आणि मग नुसती कट-कट. इंदूरच्या बहुतेक गॅरेजांत यावर निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते आणि पुढच्या चिखलात तीच कट-कट पुन्हा ऐकू येते.

दोष बहुधा तारांच्या जोडांमध्ये असतो. चार टन ओढणारा १२ व्होल्टचा विंच पूर्ण ताणावर ४०० अँपिअरच्या आसपास करंट घेतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथे वापरून बघा. गंजलेल्या किंवा सैल थिंबलचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या, बोल्टखाली कसायच्या धातूच्या कडीचा) रोध अवघा ५ मिलिओहम, म्हणजे ओहमचा दोनशेवा भाग, धरला तरी ४०० अँपिअरला तिथे २ व्होल्ट गळतात आणि ८०० वॉट उष्णता तयार होते. घरातल्या इस्त्रीइतकी उष्णता अंगठ्याएवढ्या बोल्टवर! थिंबलजवळचं इन्सुलेशन तपकिरी होऊन आक्रसलेलं दिसलं तर समजावं की हेच घडत होतं.

१२ पैकी २ व्होल्ट गेले तर एवढं काय बिघडलं, असं वाटेल. खरी गंमत मोटरच्या आत आहे. विंचची मोटर बहुधा सिरीज प्रकारची असते. तिचा जोर करंटवर ठरतो आणि करंट किती लागणार हे चिखल ठरवतो. व्होल्टेज ठरवतं तो वेग. फिरणारी मोटर स्वतःच जनरेटरसारखी वागून उलट व्होल्टेज तयार करते, आणि हे उलट व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतं. समजा मोटरपर्यंत ११ व्होल्ट पोचतात आणि तिच्या स्वतःच्या वेटोळ्यांच्या रोधात ४ खर्च होतात. वेगासाठी उरले ७. आता त्या थिंबलने २ खाल्ले, की उरतात ५. चिखल तोच, म्हणून करंटही तोच ४०० अँपिअर, पण वेग जवळजवळ ३० टक्क्यांनी घटला. तेच अंतर ओढायला ४० टक्के जास्त वेळ, म्हणजे बॅटरीतूनही ४० टक्के जास्त उपसा. त्यात बॅटरी उतरली की व्होल्टेज आणखी पडतं आणि वेग आणखी घटतो. शेवटी बॅटरी बसलेली सापडते आणि दोष तिच्या माथी येतो.

हे मिलिओहम मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर सापडत नाहीत, कारण मीटरच्या तारांचाच रोध २०० मिलिओहमच्या घरात असतो. विंच ओढत असताना व्होल्ट मोजायचे. मीटरच्या लांब तारांना क्रोकोडाइल क्लिप लावा, कारण ताणलेल्या रोपच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. एक क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटावर (वरच्या क्लॅम्पवर नव्हे), दुसरी मोटरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. विंच दोन-तीन सेकंद ताणावर चालवा. ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल एका बाजूला २ मीटर असेल तर ४०० अँपिअरला तारेतच ०.४ व्होल्ट जातात. म्हणून ०.६ पर्यंत चालेल, त्याहून जास्त आलं तर क्लिप एकेक जोड पुढे सरकवत जा. आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष. हीच चाचणी निगेटिव्ह बाजूला करायला विसरू नका. तिथे अर्थिंगची तार चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) रंगावरच कसलेली सापडते. निगेटिव्ह केबल सरळ बॅटरीपर्यंत न्यावी. केबल १६ स्क्वेअरची असेल तर दोन्ही बाजू मिळून तारेतच १.७ व्होल्ट जातात, जोड कितीही साफ करा. करंट बघायचा तर डीसी क्लॅम्प मीटर लागतो. साधा एसीचा क्लॅम्प इथे शून्य दाखवतो.

बॅटरीच्या खुंटांवरही ताणात मोजा. नुसती उभी असताना दिसणारे १२.६ व्होल्ट काही सिद्ध करत नाहीत. पूर्ण चार्ज करूनही ताणात १० च्या खाली जात असेल तरच बॅटरी बदला. ती फरशीवर ठेवली की जमीन करंट ओढते, म्हणून खाली लाकडी पाट घालायचा, ही समजूत मात्र सोडून द्यावी. आजच्या बॅटरीचं प्लास्टिकचं खोकं उत्तम विद्युतरोधक आहे. पडून राहिलेली बॅटरी पाटावरही उतरते.

आता ती कट-कट. मोटरचा मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची, म्हणजे कॉन्टॅक्टरची, कॉइल त्याच बॅटरीवर चालते. व्होल्टेज फार पडलं की तिची पकड सुटते, करंट तुटतो, व्होल्टेज लगेच वर येतं, कॉइल पुन्हा ओढते. प्रत्येक वेळी संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते आणि अखेर ते एकमेकांना वितळून चिकटतात. मग रिमोट सोडला तरी विंच थांबत नाही. त्यासाठी पॉझिटिव्ह लाइनवर, हात सहज पोचेल अशा जागी, विंचच्या करंटला पुरेसा बॅटरी कट-ऑफ स्विच हवाच. कट-कट ऐकू आली की बटण सोडा.

इंजिन चालू आणि १५०० आरपीएमच्या आसपास ठेवा, पण अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरणाऱ्या, बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर) विसंबू नका. ९० अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण देत असला तरी बाकीचे ३१० बॅटरीतूनच येतात, म्हणजे मिनिटाला ५ अँपिअर-अवर. अर्धा मिनिट ओढा, मग काही मिनिटं थांबा, तेवढ्यात मोटरही निवते.

आणि कप्पी लावा. रोप कप्पीतून परत आणून गाडीच्याच हुकला अडकवला की रोप गुंडाळणाऱ्या ड्रमवरचा ताण निम्मा होतो. मोटर रिकामी फिरतानाही काही करंट घेतेच, म्हणून ४०० चे अगदी २०० होत नाहीत, सव्वादोनशेच्या आसपास येतात. पण उष्णता करंटच्या वर्गाने घटते, त्यामुळे त्याच थिंबलवर ८०० ऐवजी सुमारे २५० वॉट उरतात.