‘३२ बोर’ एकच, शस्त्रं दोन: पहिल्या परवान्यासाठी रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

माझा मावसभाऊ द्राक्ष बागायतदार आहे. मळ्यातली वस्ती गावापासून लांब, हंगामात घरात रोकड, मागच्या वर्षी दोनदा धमकी आलेली. शस्त्र परवान्याचा अर्ज करायचं ठरल्यावर त्याने मला फोनवर विचारलं, ‘‘दादा, बत्तीस बोरमध्ये स्वस्तातलं कुठलं घेऊ?’’ मी विचारलं, ‘‘रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?’’ तो म्हणाला, ‘‘दोन्ही बत्तीसच की. फरक काय पडतो?’’

फरक पडतो, आणि तो दुकानात नव्हे, अर्ज भरण्याआधी कळायला हवा.

सामान्य नागरिकाला आपल्याकडे ९ मिमी, .३८ किंवा .४५५ बोरचं शस्त्र ठेवता येत नाही. सैन्य आणि पोलिसांचा दारूगोळा ज्यात चालतो ते बोर ‘प्रतिबंधित’ गटात जातात. म्हणून स्वसंरक्षणासाठी लहान शस्त्र म्हटलं की गाडी बहुतेक वेळा .३२ वर येऊन थांबते. पण .३२ हे नळीच्या मापाचं नाव आहे, साधारण आठ मिलिमीटर. नळीत कुठलं काडतूस जातं, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’. ते १८९६ सालचं. त्याची पितळी पुंगळी सुमारे २३ मिलिमीटर लांब, आणि बुडाला बाहेर आलेली स्पष्ट कड. या कडेवर ते चक्रात अडकून बसतं. पिस्तुलाचं ‘.३२ एसीपी’ जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास आणलं. त्याची पुंगळी १७ मिलिमीटरच आणि कड अगदी नावापुरती, कारण ही काडतुसं मॅगझिनमध्ये एकावर एक रचून सरकवायची असतात. यालाच ७.६५ मिमी असंही म्हणतात. गोळीचा व्यास दोन्हींत जवळपास सारखा. वजन मात्र वेगळं: पिस्तुलाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, रिव्हॉल्व्हरची नेहमीची सहा ग्रॅमच्या थोडी वर. व्यास सारखा असल्यामुळेच गफलत होते. आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रात बसल्यासारखं वाटतं, म्हणून ‘चालतंय की’ म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. ज्या काडतुसासाठी शस्त्र बनलं आणि तपासलं गेलं, तेवढंच त्यात घालायचं.

नुसत्या आकारावरही जाऊ नका. नेमबाजीच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारातली काही पिस्तुलं ‘स्मिथ अँड वेसन लाँग’च वापरतात. शस्त्रावर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावरची अक्षरं जुळली पाहिजेत. या बुडावर ‘केएफ’ दिसलं तर ते आपल्या खडकीचं. पुण्याजवळचा हा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे.

आता खरा मुद्दा. पहिल्यांदा शस्त्र हाताळणाऱ्याच्या हातून अपघात होतो तो बहुधा ‘रिकामंच आहे’ असं समजून. इथे ही दोन शस्त्रं अगदी वेगळी वागतात.

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा घरांचं चक्र असतं. जुन्या कानपुरी बनावटीत वरची कडी सोडून नळी पुढे मोडायची, २०२३ साली आलेल्या ‘प्रबळ’मध्ये चक्र बाजूला काढायचं. उघडलं की सहाही घरं डोळ्यांसमोर. काडतूस असेल तर दिसतं, नसेल तर आरपार उजेड दिसतो.

पिस्तुलात काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. वरची स्लाइड मागे ओढून सोडली की पहिलं काडतूस नळीच्या मागच्या घरात जाऊन बसतं. प्रत्येक बारानंतर स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढचं काडतूस आत घेते. आता कोणी मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणालं, ‘रिकामं केलं’, तर ते रिकामं झालेलं नसतं. घरातलं एक काडतूस तसंच असतं. मॅगझिन आधी काढायचं, मग स्लाइड ओढून धरायची, घरात डोळ्यांनी पाहायचं आणि बोट घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड मॅगझिनमधलं नवं काडतूस आत ढकलते. सराव असलेल्याला हे सोपं आहे. वर्षातून दोनदा शस्त्राला हात लावणाऱ्याने यावर विसंबावं असं मला वाटत नाही.

काडतूस फुटलं नाही तर काय, हाही फरक आहेच. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढचं घर येतं. पिस्तुलात दुसऱ्या हाताने स्लाइड ओढून ते काडतूस बाहेर काढावं लागतं. (सरावाच्या वेळी मात्र न फुटलेलं काडतूस लगेच काढू नये. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावं.) याउलट रिव्हॉल्व्हरचा चाप, घोडा आधी मागे चढवला नसेल तर, बराच जड लागतो. नवख्याचा नेम त्यामुळे हलतो. पिस्तूल चपटं असतं, अंगावर कमी दिसतं, आणि सरकारी कारखान्याच्या ‘अशनी’मध्ये सहाऐवजी आठ काडतुसं बसतात. कोणी नियमित सराव करणार असेल तर पिस्तुलाला माझा विरोध नाही.

स्वस्ताचं म्हणाल तर परवान्याच्या शस्त्रात स्वस्त असं फारसं नाही. २०१४ साली आलेलं, जेमतेम अर्धा किलो वजनाचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर त्या वेळीच सव्वा लाखाच्या आसपास होतं. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. जाहिरातीतली किंमत करासह आहे की कराविना, हे आधी विचारा. परदेशी जुन्या पिस्तुलांच्या नादी लागू नका. सामान्य नागरिकासाठी आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे, त्यामुळे त्यांचे भाव मालापेक्षा दुर्मिळतेचे असतात, आणि झिजलेली स्प्रिंग किंवा मॅगझिन मिळवताना नाकी नऊ येतात. पहिल्या खरेदीसाठी साधं, देशी, नवं रिव्हॉल्व्हर हे माझं स्पष्ट मत आहे.

‘गावठी कट्टा’ कोणी सुचवला तर तिथेच हात जोडा. त्याची नळी कशाची आहे हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. ती फुटली तर पहिला जखमी धरणाराच. शिवाय विनापरवाना शस्त्र म्हणजे थेट तुरुंगाचा गुन्हा.

कायद्याची भीती मात्र अनेकांना वाटते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. १९८३ मध्ये एका माणसाला तीन शस्त्रांची मर्यादा आली. २०१९ च्या विधेयकात ती एकावर आणायची होती, विरोधानंतर दोनवर थांबली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणं दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा एक लाखापर्यंतच्या दंडाचा गुन्हा ठरलं. मावसभावाकडे आजोबांची बारा बोर आहे. ती त्याच्या नावावर असेल तर दोनपैकी एक जागा तिने अडवलेली आहे, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

अर्ज ‘ए-१’ नमुन्यात. पुणे, नागपूर, मुंबईसारख्या ठिकाणी पोलिस आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत. वय २१ पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल जातो, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. ‘संरक्षणासाठी हवं’ एवढ्यावर काम होत नाही. धमकीची तक्रार, तारखा, वस्तीचं अंतर हे कागदावर आणा. नकार मिळाला तर त्याची कारणं लेखी मागता येतात आणि ३० दिवसांत अपील करता येतं. अर्जात शस्त्राचा प्रकार लिहायचा असतो. काही परवान्यांवर ‘रिव्हॉल्व्हर/पिस्तूल’ असं एकत्र येतं, काहींवर एकच. एकच आलं आणि मन बदललं, तर पुन्हा कार्यालयाच्या पायऱ्या.

काहींना खरं तर संरक्षण नको असतं, नेमबाजीची ओढ असते. त्यांनी या वाटेला जाऊच नये. १० मीटरच्या स्पर्धेतल्या ४.५ मिमी एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, आणि महाराष्ट्रात सुरुवात करायला क्लब आहेत.

मावसभावाने अर्जात रिव्हॉल्व्हर लिहिलं. कपाटाच्या आतल्या कप्प्याला वेगळं कुलूप बसवून घेतलं, कारण घरात सात वर्षांची मुलगी आहे. काडतुसं दुसऱ्या कुलपात. शस्त्र चामड्याच्या म्यानात घालून ठेवणार होता, तेवढं मी थांबवलं. चामडं ओल धरतं आणि पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो. पुसून, तेलाचा हलका हात देऊन, कोरड्या सुती कापडात. निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते, तेव्हा पावतीवर क्रमांक बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचायचं, हेही सांगून ठेवलं आहे.