वॉट नंतर, आधी ओहम

इंदूरच्या महाराणी रोडवर अ‍ॅम्प्लिफायरची चौकशी करायला गेलात, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भैया, कितने वॉट का दिखाऊँ?" आपल्यालाही तो रास्त वाटतो. लोकमान्य नगरातल्या माझ्या मावसभावानेही फोनवर हेच विचारलं, "दादा, स्पीकर चांगले आहेत, तेच ठेवणार. शंभर वॉटचा अ‍ॅम्प पुरेल ना?" त्याला मी उलट विचारलं की तुझ्या स्पीकरचा ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आलेख कसा आहे. आलेख वगैरे काही असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन-तीन लाखांचा अ‍ॅम्प घ्यायला निघालेल्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

वॉटचं खूळ आपल्याकडे जुनं आहे. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टिम आठवा. खोक्यावर ठळक अक्षरात '१००० वॉट पीएमपीओ' आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात 'वीजवापर ६० वॉट'. भिंतीतून साठ घेणारं यंत्र हजार देईल कुठून? एखाद्या क्षणापुरता कॅपॅसिटरमधला साठा कामी येतो, पण त्यालाही हद्द आहे. पीएमपीओ हे कुठल्याच सर्वमान्य मानकात न बसणारं मोजमाप होतं, ज्याला जो आकडा आवडेल तो त्याने छापावा. अमेरिकेत असाच गोंधळ माजला होता, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला: वॉट सांगायचे तर ते सलग किती, किती ओहमवर, कोणत्या वारंवारितांमध्ये आणि किती विकृतीसह, हेही सांगा. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात आजही हे चारही आकडे असतात. नसतील तर पुढचं दुकान गाठावं.

आता वॉट खरोखर लागतात किती ते पाहू. स्पीकरच्या पत्रकात 'सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल' असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे २.८३ व्होल्ट दिले की एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज. आठ ओहमच्या स्पीकरला हे २.८३ व्होल्ट बरोबर एक वॉट होतात. चार ओहमच्या स्पीकरला मात्र दोन, त्यामुळे चार ओहमवाल्यांचा आकडा उगाचच तीन डेसिबलने गोंडस दिसतो. आपण तीन मीटरवर बसलो, स्पीकर दोन आहेत आणि भिंतीही थोडा आवाज परत देतात, असं धरलं तर एकेका वॉटमध्ये कानापाशी साधारण ८२ डेसिबल मिळतात. घरात निवांत ऐकताना सरासरी ७५ पुष्कळ झाली. त्याला लागतो पाव वॉटही नाही! तबल्याची कडक थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळली तरी वीस वॉट पुरतात. मैफलीइतक्या मोठ्या आवाजात, म्हणजे दहा डेसिबल वर ऐकायचं असेल, तर तीच थाप दोनशे वॉट मागते. दर दहा डेसिबलला दसपट, असा हा हिशोब असल्यामुळे साठ वॉटवरून शंभरवर गेल्याने जेमतेम सव्वादोन डेसिबल पदरात पडतात. कान लावून बसलात तर फरक कळेल, एवढंच.

म्हणजे वॉटसाठी लाखभर जादा मोजायचं कारण बहुतेक घरांत नसतंच. खरी गंमत ओहममध्ये आहे.

स्पीकरच्या मागे '८ ओहम' लिहिलेलं असतं ती एक ढोबळ ओळख आहे. प्रत्यक्षात हा विरोध, म्हणजे इम्पीडन्स, प्रत्येक सुराला वेगळा असतो. वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूची, कॉइल चुंबकाच्या फटीत हलते तेव्हा ती स्वतःच उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करते. ज्या वारंवारितेला शंकू सर्वात मोकळेपणी हलतो तिथे हे उलट व्होल्टेज सर्वाधिक, त्यामुळे इम्पीडन्स तीस ओहमवरही जातो. मागे भोक असलेल्या पेटीत असे दोन उंचवटे येतात आणि त्यांच्यामध्ये खोल घळ. शिवाय वरचे-खालचे सूर वेगवेगळ्या शंकूंना वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरचे कॉइल-कॅपॅसिटर आणि समांतर जोडलेले दोन वूफर आपापली भर घालतात. आंतरराष्ट्रीय आयईसी मानक म्हणतं की लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली इम्पीडन्स जाता कामा नये, म्हणजे आठचा स्पीकर ६.४ च्या खाली नको. बाजारात 'आठ ओहम' म्हणून विकले जाणारे आणि मधेच साडेतीनवर उतरणारे स्पीकर मुबलक आहेत.

तिथे अ‍ॅम्पची परीक्षा होते. शंभर वॉटचा अ‍ॅम्प आठ ओहमला २८.३ व्होल्ट आणि साडेतीन अ‍ॅम्पियर देतो. त्याच व्होल्टेजवर चार ओहमला सात अ‍ॅम्पियर हवेत, तीनला सव्वानऊच्याही वर. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्पचं मग तेच होतं जे गच्चीवरच्या टाकीचं होतं: एक नळ उघडला की धार जोरात, खालच्या मजल्यावर दुसरा उघडला की वरची धार करंगळीएवढी. माहितीपत्रकात हे उघड दिसतं. आठ ओहमला १०० आणि चारला १३० वॉट लिहिलं असेल, तर चार ओहमवर व्होल्टेज २८ वरून २३ पर्यंत घसरलेलं आहे. चारला २०० च्या आसपास असेल, तर तो अ‍ॅम्प दमाचा. महागड्या अ‍ॅम्पचं वीस-पंचवीस किलो वजन बव्हंशी याच दमाचं असतं: जाडजूड ट्रान्सफॉर्मर, कॅपॅसिटर आणि उष्णता उधळणारे पात्या-पात्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे. १९८० च्या दशकात अपोजी कंपनीचा सिंटिला नावाचा स्पीकर तर एक ओहमचा होता. भल्याभल्या अ‍ॅम्पनी त्याच्यापुढे हात टेकले. उलट तुमचा स्पीकर कुठेच सहाच्या खाली जात नसेल, तर एवढं वजन उचलून घरी आणायची हौस असेल तरच आणा.

दुसरा आकडा अ‍ॅम्पच्या स्वतःच्या आतल्या विरोधाचा, आउटपुट इम्पीडन्सचा. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमध्ये तो ०.०५ ओहमच्या घरात असतो, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये दोन ओहमही असू शकतो. आता चार ते तीस ओहम हिंदकळणारा स्पीकर या दुसऱ्याला जोडा. चार ओहमच्या जागी साडेतीन डेसिबलची घट, तीसच्या जागी अर्ध्याची. एकाच स्पीकरच्या दोन सुरांत तीन डेसिबलचा फरक, जो ध्वनिमुद्रणात नव्हताच. पुष्कळांना याच फरकातली 'ऊब' आवडते आणि त्यात वावगं काही नाही. फक्त ती ऊब अ‍ॅम्प आणि स्पीकर दोघांनी मिळून केलेली आहे, दुसऱ्या स्पीकरवर तीच मिळेल याची खात्री नाही.

हा आतला विरोध इतका कमी होतो निगेटिव्ह फीडबॅकमुळे, म्हणजे बाहेर पडलेल्या संकेताचा अंश उलटा करून पुन्हा आत दिल्यामुळे. ती कल्पना बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅकला १९२७ मध्ये कामावर जाताना फेरीबोटीत सुचली आणि कागद नव्हता म्हणून त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावरच लिहून काढली. पुढे १९८५ मध्ये बॉब कार्व्हरने 'स्टिरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं: तुमच्या पसंतीच्या महागड्या अ‍ॅम्पसारखाच आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पमधून काढून दाखवतो. त्याने दोन्हींचं आउटपुट एकमेकांतून वजा करत करत उरलेला फरक जवळपास पुसून टाकला आणि परीक्षकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. त्याने केलेल्या बदलांत आउटपुट इम्पीडन्स वाढवणंही होतं. किमतीची पट्टी झाकली की कान किती समजूतदार होतात!

आता अ‍ॅम्पच्या वर्गांबद्दल थोडक्यात. क्लास ए अ‍ॅम्प गाणं चालू असो वा नसो, पूर्ण करंट खेचत बसतो. पंचवीस वॉटचा अ‍ॅम्प नुसता चालू ठेवला तरी सहज दीड-दोनशे वॉट जाळतो. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना इंदूरच्या बंद खोलीत हा शौक परवडतो का ते ज्याचं त्याने ठरवावं. क्लास डी थंड आणि हलका. जुन्या क्लास डीमध्ये स्पीकर बदलला की वरच्या सुरांचा तोल बदलायचा. ब्रुनो पुट्झेजसारख्या अभियंत्यांच्या रचनांत फीडबॅक आउटपुटवरच्या फिल्टरनंतर घेतला जातो, त्यामुळे ते दुखणं गेलं आहे.

केबलवर मात्र पैसे उधळू नका. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पाच मीटर नेली, तर जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात. पुरे.

ऐकून ठरवायचं, तर अ‍ॅम्प घरी मागवा आणि नव्या-जुन्या दोन्हींचा आवाज आधी समान करा. थोडासा मोठा आवाज नेहमीच 'जास्त खुला' वाटतो. शंभर हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर जोडा, दोन्हींचे व्होल्ट एका टक्क्यात जुळले पाहिजेत. मग उस्ताद अमीर खाँसाहेबांचा एखादा झूमऱ्यातला ख्याल लावा. गायक इंदूरचाच, म्हणून सुचवतो असं नाही. अतिविलंबित लयीत दोन मात्रांच्या मध्ये पुष्कळदा तानपुऱ्याखेरीज फारसं काही नसतं, आणि मंद्र सप्तकातला तो भरदार आवाज व डग्ग्याची घुमक वूफरच्या त्याच टापूत येते जिथे ओहमचे चढउतार सर्वात तीव्र असतात. डग्गा दाबून सोडलेली मींड दोन्ही अ‍ॅम्पवर सारखीच उतरत असेल, तर जुनाच अ‍ॅम्प ठेवा आणि वाचलेल्या पैशात व्हिट्रिफाइड टाइल्सवर जाड सतरंजी आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट येतं का ते पाहा.